मोजणे आणि ऐकणे : मिश्र संशोधनपद्धती आणि बालआरोग्य

आजारी मूल समोर आले की आपण तीन गोष्टी करतो. आईचे म्हणणे ऐकून घेतो, मुलाला तपासतो आणि गरज वाटली तर रक्त-लघवी प्रयोगशाळेत पाठवतो. तिन्हींपैकी एकीवरच विसंबून निदान करणाऱ्याला आपण चांगला डॉक्टर म्हणत नाही. मात्र प्रश्न एका मुलाचा न राहता एका वस्तीचा किंवा एका जिल्ह्याचा झाला, म्हणजे आपली ही सवय सुटते. मग आपल्याला फक्त आकडा हवा असतो. टक्केवारी, सरासरी आणि 'पी'ची किंमत हाती आली की विषय संपला, असे आपण मानतो. समाजशास्त्रज्ञांपैकी काहींची सवय याच्या नेमकी उलट असते. त्यांना माणसांच्या कहाण्या पुरेशा वाटतात आणि आकड्यांविषयी त्यांच्या मनात अढी असते.

या दोन सवयींचा मेळ घालणारी 'मिश्र संशोधनपद्धती' गेल्या काही दशकांत सामाजिक शास्त्रांत रुजली आहे. २००७ पासून या विषयाला वाहिलेले स्वतंत्र नियतकालिकही निघते. ही पद्धती म्हणजे काय, ती का लागते आणि आपल्यासारख्या व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांना तिचा काय उपयोग, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे. उदाहरणे बहुतांशी बालआरोग्यातील घेतली आहेत. त्यामुळे वैद्यकीय क्षेत्राबाहेरील वाचकांनाही विषय परका वाटू नये.

दोन घराणी

सामाजिक संशोधनाची दोन घराणी मानली जातात. पहिले संख्यात्मक. 'किती' आणि 'कितपत' हे त्याचे प्रश्न. नमुना निवडायचा, सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे, उत्तरे मोजायची आणि नमुन्यावरून साऱ्या लोकसंख्येविषयी अनुमान काढायचे, ही त्याची रीत. दुसरे गुणात्मक. 'का' आणि 'कसे' हे त्याचे प्रश्न. सखोल मुलाखती, गटचर्चा आणि लोकांमध्ये राहून केलेले निरीक्षण ही त्याची साधने.

दोन्ही घराण्यांची दृष्टी एकेका बाजूला अधू आहे. प्रश्नावली तयार करणाऱ्याला जे सुचलेच नाही, ते प्रश्नावली विचारू शकत नाही. तिच्यातील शब्दाचा अर्थ उत्तर देणाऱ्याने भलताच घेतला, तरी टक्केवारी दशांशचिन्हासह छापून येते. उलटपक्षी, वीस आयांशी तासन्‌तास बोललेल्या संशोधकाला त्या वीसजणींचे मन कळते. जिल्ह्यातील लाखभर आयांपैकी किती जणी तसे मानतात, हे कळत नाही. शिवाय ठसकेबाज बोलणारी माणसे लक्षात राहतात आणि गप्प राहणारी निसटतात.

डोनाल्ड कॅम्पबेल आणि डोनाल्ड फिस्के या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली एक मूलभूत मुद्दा मांडला. कोणत्याही मोजमापात मोजायच्या गुणाचा एक अंश असतो आणि मोजण्याच्या पद्धतीचाही एक अंश असतो. एकच पद्धत वापरली तर हे दोन अंश वेगळे करता येत नाहीत. भिन्न पद्धतींनी मोजूनही तेच हाती लागले, तरच ते त्या गुणाचे म्हणावे. पुढे समाजशास्त्रज्ञ नॉर्मन डेन्झिन यांनी याच विचाराचा विस्तार केला आणि त्यासाठी 'त्रिकोणन' ही संज्ञा रूढ केली. एकाच प्रश्नाकडे वेगवेगळ्या माहितीतून, वेगवेगळ्या संशोधकांच्या नजरेतून, वेगवेगळ्या सिद्धान्तांतून आणि वेगवेगळ्या पद्धतींतून पाहता येते, असे त्यांनी सांगितले.

त्रिकोणन हा शब्द भूमापनातला. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ एक आधाररेषा अचूक मोजून भारताची महात्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. मोजलेल्या रेषेच्या दोन टोकांवरून एकच शिखर पाहायचे, दोन्ही कोन मोजायचे आणि तेथवर न जाता त्याचे स्थान काढायचे, ही त्यातील युक्ती. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये लॅम्ब्टन यांना आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मृत्यू आला. उपमा समर्पक आहे, तरी तिची एक मर्यादा ध्यानात घ्यावी. भूमापनात शिखर एकच असते आणि ते जागचे हलत नाही. समाजात मात्र दोन पद्धतींना दोन निरनिराळ्या गोष्टी दिसत असतात, असेही घडते. म्हणून दोन उत्तरे जुळली नाहीत की त्यांतले एक चुकलेच, असे समजू नये. न जुळणे हा कित्येकदा स्वतंत्र शोध असतो.

मीठ, गूळ आणि चार प्रकारचे जुलाब

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस या बालरोगतज्ज्ञाने मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यातून पाजण्याचा निर्णय घेतला. रुग्णांचे नातलगच ते पाजत. आधी शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते. ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. या कार्याबद्दल डॉ. महालनबीस यांना २०२३ साली पद्मविभूषण जाहीर झाले. त्याआधी काही महिने, ऑक्टोबर २०२२ मध्ये, त्यांचे निधन झाले होते.

औषध सापडले होते. आता ते घरोघरी पोहोचवायचे होते. बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेने १९८० मध्ये एक मोठी मोहीम हाती घेतली. प्रशिक्षित स्त्री-कार्यकर्त्या खेड्यापाड्यांत घरोघर जात आणि तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण आईकडून प्रत्यक्ष करवून घेत. दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरांपर्यंत ही शिकवण पोहोचली. मोजमापही काटेकोर होते. काही आठवड्यांनी वेगळा पर्यवेक्षक नमुन्यादाखल निवडलेल्या घरी जाई, आईला किती आठवते ते विचारी आणि तिने केलेल्या मिश्रणाचा नमुना तपासणीसाठी घेई. आईच्या गुणांवर कार्यकर्तीचा मेहनताना ठरे. मिश्रणे बरोबर निघत होती आणि आयांना सारे मुद्दे पाठ होते. आकड्यांच्या हिशेबाने मोहीम यशस्वी होती.

पण दुसरा प्रश्न विचारला गेला, तेव्हा चित्र पालटले. मुलाला जुलाब झाले असताना हे मिश्रण प्रत्यक्ष किती जणींनी पाजले? सुरुवातीच्या पाहणीत हे प्रमाण निराशाजनक निघाले. आईला ते करता येत होते, तरी ती ते करीत नव्हती. का, याचे उत्तर त्या प्रश्नावलीत नव्हते. मग गावात बसून, लोकांत मिसळून विचारपूस करण्यात आली.

या विचारपुशीतून पुढे आलेली कारणे आपण प्रत्येकाने मनाशी जपून ठेवावीत अशी आहेत. पहिले कारण असे की, खुद्द कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले तर त्या दुसरेच औषध घेत, आणि आयांना हे जाणवत होते. दुसरे कारण असे की, परक्या बायका येऊन घरातल्या बायकांना काय शिकवतात, हे पुरुषांना कोणी सांगितलेच नव्हते, त्यामुळे त्यांचा पाठिंबा नव्हता. तिसरे कारण भाषेत दडले होते. आपण ज्या साऱ्या प्रकारांना 'अतिसार' या एका नावाखाली घालतो, त्यांना तेथील ग्रामीण आया चार वेगळ्या नावांनी ओळखत. अंगावरच्या दुधामुळे तान्ह्याला होणारे ते 'दूध हागा'. खाणे बाधल्याने होणारे 'अजीर्ण'. शेंब-रक्त पडणारी 'आमाशा'. आणि पटकीसारखे पाण्यासारखे, जिवावर बेतणारे जुलाब म्हणजे 'डायरिया'. कार्यकर्ती 'डायरिया झाला तर हे पाजा' असे सांगे. आई ते तंतोतंत पाळी. डायरिया झाला तर पाजी. दूध हागा झाला तर पाजण्याचा प्रश्नच तिच्यापुढे नव्हता. सर्वेक्षणाच्या छेदस्थानी मात्र चारही प्रकार एकत्र मोजले जात होते.

या माहितीच्या आधारे मोहीम सुधारण्यात आली. उपचार कसा गुण देतो हे कार्यकर्त्यांना समजावून दिले गेले आणि आयांसमोर स्वतः ते पाणी पिण्यास सांगितले गेले. बाजारात, शाळांत आणि मशिदींत पुरुषांच्या बैठका झाल्या. शिकवताना चारही प्रकारांची नावे घेण्यात येऊ लागली. मग पुन्हा मोजणी झाली, तेव्हा कोणत्या प्रकारात वापर किती हे वेगवेगळे पाहता आले. डायरियात तो सर्वाधिक होता आणि दूध हागात सर्वांत कमी. हा तक्ता निव्वळ मोजणीतून तयार झाला नसता, कारण त्याचे रकाने आयांच्या बोलण्यातून आले होते. आणि ती नावे किती मुलांना लागू पडतात हे निव्वळ ऐकण्यातून कळले नसते.

मेळ घालण्याच्या तीन रीती

पद्धती एकत्र वापरण्याच्या मुख्यतः तीन रीती सांगितल्या जातात.

पहिल्या रीतीत आधी मोजायचे आणि मग ऐकायचे. आकड्यांत काही अनपेक्षित दिसले की त्याचे कारण शोधण्यासाठी निवडक लोकांशी बोलायचे. मीठ-गुळाच्या मोहिमेचा आरंभ असाच झाला.

दुसऱ्या रीतीत आधी ऐकायचे आणि मग मोजायचे. विषय अनोळखी असेल तर लोकांचे शब्द, वर्गवारी आणि समजुती आधी समजून घ्यायच्या आणि त्यांतून प्रश्नावली घडवायची. जुलाबांच्या चार नावांवरून पुढची मोजणी झाली, ती या रीतीने. एकाच कामात दोन्ही रीती आलटून-पालटून येऊ शकतात, हेही यातून दिसते.

तिसऱ्या रीतीत दोन्ही कामे एकाच वेळी, परंतु स्वतंत्रपणे करायची आणि शेवटी निष्कर्ष शेजारी-शेजारी ठेवून पाहायचे. याचे एक बोलके उदाहरण महाराष्ट्रातील आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. स्त्रियांना त्यांच्या तक्रारी विचारण्यात आल्या, शिवाय प्रत्येकीची शारीरिक आणि प्रयोगशाळेतील तपासणीही करण्यात आली. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या. तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. आणि अशी तपासणी पूर्वी कधी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. नुसती विचारणा केली असती तर बराचसा आजार लपून राहिला असता. नुसती तपासणी केली असती तर इतका आजार असूनही स्त्रिया बोलत का नाहीत, हा प्रश्न उद्भवलाच नसता. ५५ आणि ९२ यांमधील अंतर ही मोजमापातील चूक नव्हे. ते मौन आहे. डॉ. राणी बंग यांनी पुढे खेड्यातील स्त्रियांचे बोलणे ऐकून 'कानोसा' हे पुस्तक लिहिले, ते याच वाटेने जाणारे आहे.

एकाच कागदावर दोन पद्धती

आपल्या देशात असंख्य मृत्यू घरीच होतात आणि त्यांचे कारण कोणी डॉक्टर लिहून देत नाही. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी व्यवस्थेच्या आधारे २००१ पासून 'दशलक्ष मृत्यू अभ्यास' सुरू झाला. त्यात प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेला कर्मचारी मृताच्या घरी जाऊन एक अर्ज भरतो. अर्जाच्या एका भागात ठरावीक प्रश्न असतात. ताप होता का? किती दिवस? श्वास जलद चालत होता का? दुसऱ्या भागात सुमारे अर्धे पान मोकळे असते. तेथे घरच्यांनी सांगितलेली हकिकत त्यांच्याच भाषेत लिहायची. मग दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता कारण ठरवतात. त्यांचे न जुळल्यास फेरविचार होतो, आणि तरीही मतभेद उरल्यास तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निवाडा करतो. ठरावीक प्रश्नांमुळे तुलना शक्य होते आणि मोकळ्या हकिकतीमुळे घटनांचा क्रम कळतो. आधी गोवर आणि नंतर न्यूमोनिया, हे निव्वळ 'होय-नाही'च्या चौकटींतून सहसा उमगत नाही.

या अभ्यासाचा बालमृत्यूंविषयीचा भाग २०१० साली प्रसिद्ध झाला. २००५ सालच्या मृत्यूंचा तो हिशेब होता. त्यातील एक निष्कर्ष आपण मध्य भारतात राहणाऱ्यांनी विसरू नये असा आहे. मध्य भारतातील मुलींचा न्यूमोनियाने होणारा मृत्युदर दक्षिण भारतातील मुलग्यांच्या पाचपट होता, आणि जुलाबांनी होणारा मृत्युदर पश्चिम भारतातील मुलग्यांच्या चौपट. ज्याला आपण 'मध्य भारत' म्हणतो, त्यात आपला प्रदेश येतो.

आकड्याने आपले काम चोख बजावले. मुलगी मरते आहे, हे सांगितले. पण त्या घरांत नेमके काय घडले? तिला दवाखान्यात आणलेच नाही, की उशिरा आणले? आणले तरी भरती करण्यास नकार दिला? की गावातल्या उपचारावर भागवले? घरात निर्णय कोणाचा होता आणि गाडीभाड्याचे पैसे कोणाकडे होते? प्रत्येक उत्तराचा उपाय निराळा. उत्तर न जाणता योजलेला उपाय म्हणजे निदान न करता दिलेले प्रतिजैविक होय.

काही सावधगिरी

दोन पद्धती एकत्र केल्या म्हणजे संशोधन आपोआप चांगले होते, अशी समजूत नसावी. कच्चे डाळ-तांदूळ एकाच भांड्यात घातले म्हणून खिचडी शिजत नाही. सर्वेक्षणाचा नमुना सदोष असेल तर मुलाखतींनी तो दोष भरून निघत नाही, आणि मुलाखती वरवरच्या असतील तर मोठ्या नमुन्यामुळे त्या खोल होत नाहीत. प्रत्येक पद्धत आपापल्या कसोटीवर उतरली पाहिजे.

दुसरा धोका सजावटीचा. सारे निष्कर्ष आकड्यांतून काढायचे आणि मध्येमध्ये दोन-चार हृदयस्पर्शी वाक्ये पेरायची, याला मिश्र पद्धती म्हणत नाहीत. एका पद्धतीच्या निष्कर्षाने दुसरीचा पुढचा प्रश्न बदलला पाहिजे. असे कोठे घडले, हे दाखवता येत नसेल तर ते दोन स्वतंत्र अभ्यास समजावेत.

तिसरी बाब मुलाखत घेणाऱ्याची. उपचार करणारा डॉक्टरच 'तुम्ही ओ.आर.एस. पाजले होते का?' असे विचारतो, तेव्हा आई त्याला रुचेल तेच उत्तर देते. प्रश्न विचारणारी व्यक्ती वेगळी असावी, तिने आईच्या घरच्या बोलीत बोलावे, संमती घ्यावी आणि नावे गुप्त ठेवावीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे अशा अभ्यासांनाही लागू आहेत. नीतिसमितीची मान्यता ही निव्वळ कागदी औपचारिकता मानू नये.

आपल्याला काय करता येईल

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात जुलाब झालेल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांना ओ.आर.एस. मिळाले. चौथ्या फेरीत हे प्रमाण ५१ टक्के होते. प्रगती आहे. तथापि बनगावच्या छावणीनंतर अर्धशतक लोटूनही दहांपैकी चार मुले वंचित राहतात, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे.

आपल्या मंडळातील पाच-सहा बालरोगतज्ज्ञ आणि सामान्य व्यावसायिक यांनी मनावर घेतले तर एक लहानसा अभ्यास सहज उभा राहू शकतो. पहिल्या टप्प्यात एका पावसाळ्यातील जुलाबांच्या रुग्णांची नोंदवही पाहावी. वय, मुलगा की मुलगी, आजाराच्या कितव्या दिवशी आणले आणि येण्यापूर्वी काय पाजले, एवढे चार रकाने पुरेत. मुलगे आणि मुली यांच्या संख्येत व विलंबाच्या दिवसांत फरक दिसतो का, हे तपासावे. दुसऱ्या टप्प्यात लवकर आलेल्या, उशिरा आलेल्या, ओ.आर.एस. पाजलेल्या आणि न पाजलेल्या अशा निरनिराळ्या गटांतून काही आया निवडाव्यात आणि नवीन काही ऐकू येईनासे होईपर्यंत मुलाखती घ्याव्यात. आपल्याकडे येणारी आई 'दस्त' म्हणते, 'पेट चल रहा है' म्हणते, 'दाँत निकल रहे हैं' असेही म्हणते. घरी मराठी बोलणारी आजी 'हगवण', 'जुलाब' आणि 'आव' यांत भेद करते. यांपैकी कोणत्या शब्दाला उपचार लागतो आणि कोणता शब्द 'आपोआप थांबेल' या खात्यात जातो, हे त्यांच्याकडूनच शिकावे लागेल. तिसऱ्या टप्प्यात त्या शब्दांच्या आधारे पुन्हा मोजणी करावी.

एक उणीव मात्र आरंभीच ओळखून ठेवावी. आपल्या नोंदवहीत फक्त आलेली मुले आहेत. जिला दवाखान्यात आणलेच नाही, त्या मुलीची नोंद आपल्यापैकी कोणाच्याही वहीत नाही. तिच्यापर्यंत जायचे तर वस्तीत जावे लागेल, आणि तेथे आशा कार्यकर्ती आपल्यापेक्षा अधिक जाणते. तिला माहिती गोळा करणारी मदतनीस न समजता अभ्यासातील सहकारी मानले, तरच हे साधेल.

रुग्णाचा इतिहास घेताना मध्येच तोडू नये, असे आपल्या गुरुजनांनी आपल्याला शिकवले. समाजाचा इतिहास घेतानाही नियम तोच आहे. आधी ऐकून घ्यावे, मग तपासावे, मोजावे, आणि मोजलेले पटले नाही तर पुन्हा आईपाशी जाऊन बसावे. मंडळाच्या येत्या वर्षाच्या कार्यक्रमात व्याख्याने आणि शिबिरे यांच्या जोडीला अशा एका अभ्यासालाही स्थान मिळावे, ही सर्व व्यवसायबंधूंना नम्र विनंती.